हिमाच्या छपराखालचं जग: आर्क्टिकमध्ये शिकारी आणि भक्ष्य कसे टिकतात

आर्क्टिकमधल्या प्राण्यांचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास थंडीचा येतो. एवढ्या गारठ्यात ही जनावरं जगतात तरी कशी? प्रश्न रास्त आहे, पण थंडीवरचा तोडगा त्यांच्या अंगातच आहे. आर्क्टिक कोल्ह्याची हिवाळी लोकर इतकी दाट असते की हवा उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपास उतरेपर्यंत ऊब टिकवायला त्याच्या शरीराला जादा इंधन जाळावं लागत नाही. १९५० च्या सुमारास अलास्कातल्या पॉइंट बॅरो इथे शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून दाखवलं. कान आणि मुस्कट आखूड, तळपायांवरही केस, आणि झोपताना झुबकेदार शेपूट अंगाभोवती. पोट भरलेला कोल्हा थंडीने मरत नाही. उपासमारीने मात्र कित्येक कोल्हे मरतात, विशेषतः आयुष्यातला पहिलाच हिवाळा काढणारी पिल्लं.

म्हणून खरा प्रश्न अन्नाचा आहे, आणि तो सोडवायला जमिनीवर साचलेल्या हिमाकडे बघावं लागतं. (आकाशातून पडून साचणाऱ्या थराला मी इथे हिम म्हणतोय आणि गोठून घट्ट झालेल्या पाण्याला बर्फ. पुढे हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.) आर्क्टिकमधलं भक्ष्य बरेच महिने हिमाच्या छपराखाली राहतं आणि शिकारी ते छप्पर फोडून जगतो. छप्पर चांगलं बनलं तर दोघंही टिकतात, कारण भक्ष्य भरपूर वाढतं आणि शिकाऱ्यालाही त्यातला वाटा मिळतो. बिघडलं तर आधी भक्ष्य जातं आणि मागोमाग शिकारी.

या छपराखालचा सर्वांत महत्त्वाचा रहिवासी म्हणजे लेमिंग. मुठीत मावेल एवढा, गोलमटोल, आखूड शेपटीचा, गवत, शेवाळं आणि खुरट्या विलोची पानं-कळ्या कुरतडणारा प्राणी. इतका छोटा जीव एवढ्या थंडीत शीतनिद्रेत जात असेल असं आपल्याला वाटतं. लेमिंग हिवाळाभर जागा असतो. तो हिंडतो, खातो, आणि चक्क पिल्लंही घालतो.

हे शक्य होतं ते हिमामुळे. वर हवा उणे ३५ असली तरी जाड हिमाखाली, जमिनीलगत, तापमान शून्याच्या खाली थोड्याच अंशांवर राहू शकतं. भुसभुशीत हिमात बरीचशी हवाच असते आणि अडकलेली हवा उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. शिवाय जमीन वरच्या हवेपेक्षा उबदार असल्याने तळाच्या हिमातली वाफ वर सरकत राहते आणि कण पुन्हा नव्याने गोठतात. त्यातून अगदी खालचा थर सुटासुटा, जाड दाण्यांच्या साखरेसारखा होतो. या दाणेदार थरातून लेमिंगला बोगदे काढणं सोपं जातं. तो गवताची चेंडूसारखी घरटी विणतो आणि चरायच्या एका जागेपासून दुसरीपर्यंत वर न येता जातो. गळ्याभोवती पट्टा असलेल्या (कॉलर्ड) लेमिंगांचा अंगरखा हिवाळ्यात पांढरा होतो आणि पुढच्या पायांच्या मधल्या दोन बोटांची नखं वाढून दुहेरी, फावड्यासारखी होतात. वसंतात हिम वितळलं की टुंड्रावर गवताचे हे रिकामे गोळे जागोजाग दिसतात. ते मोजूनच संशोधक हिवाळ्यात किती लेमिंग होते याचा अंदाज बांधतात.

आता हिशेब बघा. लेमिंगचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा. एका वेळी साधारण तीन ते सहा पिल्लं होतात, आणि तीही काही आठवड्यांत वयात येतात. समजा एखाद्या खोऱ्यात हिवाळ्याच्या सुरुवातीला दहाच लेमिंग उरलेत आणि त्यांची संख्या दर दोन महिन्यांनी तिप्पट होते (हा वेग मी केवळ उदाहरणासाठी धरलाय). आठ महिन्यांनी हिम वितळेल तेव्हा तिथे आठशे दहा असतील. बाहेर बघणाऱ्याला मधलं काहीच दिसलेलं नसतं. शरद ऋतूत ओसाड वाटलेली जमीन जूनमध्ये अचानक लेमिंगांनी भरून जाते. जुन्या काळी उत्तरेकडच्या लोकांनी ते आकाशातून पडतात असं मानलं, त्याचं मूळ या अचानकपणातच असावं. ते कड्यावरून उड्या मारून सामूहिक आत्महत्या करतात, ही दुसरी कथा आजही ऐकू येते आणि ती साफ खोटी आहे. १९५८ सालच्या एका अमेरिकी निसर्गपटातल्या दृश्याने ती जगभर पोचवली. ते दृश्य कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, बाहेरून आणलेल्या लेमिंगांना कड्यावरून खाली लोटून चित्रित केलेलं होतं.

लेमिंगांची संख्या अशी चढते आणि मग कोसळते. पुन्हा वाढायला लागून शिखर गाठेपर्यंत साधारण तीन ते पाच वर्षं जातात. इंग्लंडमधले चार्ल्स एल्टन यांनी १९२४ मध्येच या नियमित चढउतारांकडे शास्त्रज्ञांचं लक्ष वेधलं होतं. पण ते का होतात यावर पुढे अनेक दशकं वाद चालला. सर्वांत सुंदर उत्तर मिळालं ईशान्य ग्रीनलंडमध्ये, ट्रेल बेटावरच्या एका खोऱ्यात. बेन्वा सिटलर यांनी १९८८ पासून तिथे लेमिंग मोजायला सुरुवात केली. पुढे ओलिविये जिल आणि इल्का हान्स्की यांच्यासोबत त्यांनी २००३ मध्ये निष्कर्ष मांडले.

ही जागा निवडण्यामागे कारण होतं. जंगलात एका उंदरावर वीसेक शिकारी टपलेले असतात, त्यामुळे कुणामुळे काय झालं हे सांगता येत नाही. ट्रेल बेटावर लेमिंगची एकच जात आणि तिला खाणारे चौघे: आर्क्टिक कोल्हा, हिमघुबड, लांब शेपटीचा स्कुआ हा समुद्रपक्षी, आणि स्टोट. स्टोट म्हणजे लांबट, सडपातळ अंगाचा छोटा मांसभक्षी. तो लेमिंगच्या बोगद्यात शिरू शकतो. बाकी तिघांना ते जमत नाही.

स्कुआ वर्षातला बराच काळ दक्षिणेकडच्या समुद्रांवर काढतो आणि जूनमध्ये टुंड्रावर येतो. लेमिंग पुरेसे असतील तर अंडी घालतो, नसतील तर त्या वर्षी घालत नाही. हिमघुबडाचं तर कायमचं घरच नसतं. लेमिंग जिथे भरपूर तिथे ते घरटं करतं, आणि चांगल्या वर्षी नऊ-दहा अंडीही घालतं. कोल्हा त्याच मुलखात राहतो, पण लेमिंग कमी झाले की पक्ष्यांची अंडी, मेलेली जनावरं, किनाऱ्यावर वाहून आलेलं काहीही खाऊन दिवस काढतो. म्हणजे हे तिघं लेमिंग वाढले की ताव मारतात आणि कमी झाले की दुसरीकडे वळतात. त्यांच्यामुळे लेमिंगांची वाढ रोखली जाते, पण ते तळाला जात नाहीत.

तळाला नेतो स्टोट. तो जवळजवळ पूर्णपणे लेमिंगवर जगतो, दुसरीकडे जात नाही, आणि वर्षातून एकदाच पिल्लं घालतो. त्यामुळे लेमिंगच्या वाढीपेक्षा त्याची वाढ नेहमी एक पाऊल मागे असते. लेमिंग शिखरावर पोचतात त्या उन्हाळ्यात स्टोट अजून थोडेच असतात. पण भरपूर खाऊन त्या वर्षी त्यांची पिल्लं मोठ्या संख्येने जगतात. मग हिवाळा येतो. घुबडं आणि स्कुआ निघून गेलेले असतात, कोल्ह्याला जाड हिमातून शिकार अवघड जाते, आणि हिमाखालच्या बोगद्यांत आता वाढलेले स्टोट मोकाट फिरत असतात. लेमिंगची पिल्लं खाऊन ते त्याच घरट्यात मुक्काम करतात आणि त्याला भक्ष्याच्याच केसांचं अस्तर लावतात. एक-दोन हिवाळ्यांत लेमिंग जवळपास संपतात. त्यानंतर खायला काही न उरल्याने स्टोट मरतात. शिकारी गेला की उरलेसुरले लेमिंग पुन्हा वाढू लागतात. शिकाऱ्याचा हा उशीर, हेच या चक्राचं इंजिन.

सगळ्या आर्क्टिकमध्ये हेच कारण आहे असं मी म्हणणार नाही. नॉर्वेतले लेमिंग शेवाळं ओरबाडून खातात, आणि शेवाळं पुन्हा वाढायला फार वेळ लागतो. तिथल्या घसरणीत शिकाऱ्याइतकाच चाऱ्याचाही हात असावा, असं मानणारे संशोधक आहेत. वाद संपलेला नाही, आणि बहुधा जागेजागेचं उत्तर वेगळं निघेल.

लेमिंग कोसळले की शिकारी काय करतात ते बघितलं म्हणजे जगण्याची खरी कसोटी कळते. कोल्ह्याच्या मादीला भरपूर लेमिंगच्या वर्षी एका वेळी दहा-बारा, क्वचित त्याहूनही जास्त पिल्लं होतात. वाईट वर्षी ती पिल्लं घालतच नाही. सुगीत कोल्हे साठाही करतात. हंसांच्या वसाहतीतून अंडी पळवून एकेक करून जमिनीत पुरतात आणि कित्येक महिन्यांनी उकरून खातात. खालची जमीन कायम गोठलेली असल्याने ती टिकतात. आणि काहीच उरलं नाही तर चालायला लागतात. नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेने स्वालबार्ड या नॉर्वेच्या द्वीपसमूहात एका तरुण मादीला उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधला होता. ती २६ मार्च २०१८ ला तिथल्या स्पिट्सबर्गन बेटावरून निघाली, गोठलेल्या समुद्रावरून २१ दिवसांत ग्रीनलंडला पोचली आणि १० जूनला कॅनडाच्या एल्समिअर बेटावर उतरली. ७६ दिवसांत ३,५०६ किलोमीटर. ग्रीनलंडच्या हिमचादरीवर एका दिवसात तर तिने १५५ किलोमीटर कापले. मांजराहून थोड्याच मोठ्या जनावराने!

ती निघाली त्या स्वालबार्डशी आपलाही संबंध आहे. तिथल्या न्यू-ओलेसुन्द या छोट्या वस्तीत, जवळजवळ ७९ अंश उत्तर अक्षांशावर, भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र २००८ पासून सुरू आहे. ते चालवतं गोव्यात, वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. डिसेंबर २०२३ पासून तिथे भारतीय पथकं ध्रुवीय रात्रीच्या काळोखातही काम करू लागली.

स्वालबार्डमध्ये लेमिंग नाहीतच. माणसाबरोबर चुकून आलेल्या उंदरांची एक लहानशी वसाहत वगळली तर कुरतडणारे प्राणीच नाहीत. तरीही कोल्हे आहेत, आणि त्यांचं आयुष्य वेगळ्या लयीत चालतं. उन्हाळ्यात समुद्रपक्ष्यांच्या कड्यांखाली पडलेली पिल्लं, हंसांची अंडी. हिवाळ्यात मेलेले रेनडिअर आणि अस्वलाचं उष्टं. इथल्या मादीला पाच-सहाच पिल्लं होतात, पण बहुतेक वर्षी होतात. लेमिंगवर जगणारा कोल्हा एका बंपर वर्षाची वाट बघतो, किनाऱ्यावरचा कोल्हा दरवर्षी थोडंथोडं मिळवतो. एकाच जातीने दोन पद्धती पत्करल्या आहेत, आणि मला या प्राण्याचं सर्वांत जास्त कौतुक त्यासाठी वाटतं.

समुद्रावरही छपराचीच गोष्ट आहे. ध्रुवीय अस्वलाचं मुख्य भक्ष्य म्हणजे रिंग्ड सील. हिवाळ्यात समुद्र गोठायला लागतो तेव्हा ही सील नखांनी बर्फ खरवडून श्वासासाठी छिद्रं उघडी ठेवते, बर्फ दोन मीटर जाड झाला तरी. अशा छिद्रावर वाऱ्याने हिमाचा ढीग साचला, साधारण अर्धा मीटर तरी, की ती खालून त्यात गुहा कोरते आणि मार्च-एप्रिलमध्ये तिथे एकच पिल्लू घालते. जन्मताना ते साडेचार किलोच्या आसपास असतं. आईच्या अतिशय स्निग्ध दुधावर सुमारे सहा आठवड्यांत त्याचं वजन चौपटीहून जास्त होतं, आणि त्यातला मोठा भाग निव्वळ चरबी असते.

अस्वलाला हवी असते ती चरबी. वासावरून तो गुहा शोधतो, मागच्या पायांवर उभा राहतो आणि पुढच्या पायांवर सगळं वजन टाकून छपरावर आदळतो. बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही, कारण हादरा बसताच सील छिद्रातून पाण्यात निसटते. पण वसंत ऋतूतल्या या थोड्या आठवड्यांत पुरेशा शिकारी साधल्या तरच त्याच्या अंगावर पुढच्या उपवासापुरती चरबी चढते. पोट भरलेला अस्वल चरबी खाऊन मांस बरंचसं तसंच सोडतो, आणि मागोमाग फिरणारा कोल्हा ते संपवतो. कोल्हाही कधीकधी स्वतः गुहा उकरून पिल्लू पळवतो. जमिनीवरची आणि समुद्रावरची अशा दोन्ही अन्नसाखळ्यांत त्याचा पाय असतो.

आर्क्टिक जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वेगाने तापतोय हे आपण वाचतो. त्यातून लगेच डोळ्यांसमोर येतो वितळणारा समुद्री बर्फ. तो धोका खराच आहे. पण हिमाचं छप्पर बिघडतं ते आणखी एका मार्गाने, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. भर हिवाळ्यात पाऊस पडतो. ते पाणी हिमातून झिरपून जमिनीपर्यंत जातं आणि थंडी परतली की तिथे टणक बर्फ होतं. दाणेदार थर संपतो. बोगदे बुजतात, गवत काचेसारख्या कवचाखाली जातं. हिम पडलेलं असतं, लांबून सगळं पांढरंशुभ्र दिसतं, पण त्याखाली राहायला जागा नसते.

सायबेरियात यामाल द्वीपकल्पावर नोव्हेंबर २०१३ मध्ये असा पाऊस पडला आणि पुढच्या महिन्यांत नेनेत्स पशुपालकांचे ६१,००० रेनडिअर उपासमारीने मेले. स्वालबार्डमध्ये अशा हिवाळ्यांनंतर रेनडिअर, टार्मिगन पक्षी आणि ती उंदरांची वसाहत, तिघांची संख्या एकदम खाली येते असं दिसून आलंय. कोल्ह्यांचं मात्र त्या हिवाळ्यात चांगलं चालतं, मेलेले रेनडिअर जागोजाग पडलेले असतात. त्यांची घसरण एक वर्ष उशिरा येते. धडधाकट तेवढे रेनडिअर उरलेले असतात, ते मरत नाहीत, आणि कोल्ह्यांना खायला मिळत नाही. त्याच बेटांवर, हिमाद्रीसमोरच्या कोंग्सफ्योर्डमध्ये (फ्योर्ड म्हणजे कड्यांमधून आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी), २००६ पासून हिवाळी बर्फ खूपच कमी धरतोय. गुहा कोरण्याएवढं हिम साचत नाही, म्हणून सीलची पिल्लं उघड्यावर जन्मतात आणि अस्वलांबरोबर मोठ्या गल पक्ष्यांच्याही तोंडी पडतात. याच फ्योर्डच्या पाण्यात भारताने २०१४ मध्ये तापमान आणि क्षारता नोंदवणारी यंत्रणा बुडवून ठेवली. गोव्यात बसलेले शास्त्रज्ञ जे आकडे वाचतात त्यांचा या पिल्लांच्या जगण्यामरण्याशी थेट संबंध आहे.

आणि लेमिंग? दक्षिण नॉर्वेतल्या फिन्सेच्या पठारावर १९९४ नंतर बरीच वर्षं लेमिंगांचं शिखरच आलं नाही. संशोधकांनी त्याचा संबंध बदललेल्या हिमाशी जोडला. नंतर स्कँडिनेव्हियात काही ठिकाणी चांगली वर्षं परतली, पण पूर्वीची नियमितता राहिली नाही. ट्रेल बेटावरचं ते सुरेख चक्रही २००० नंतर मोडलं. लेमिंग पूर्ण नाहीसे झाले नाहीत, पण उंच शिखरं येईनाशी झाली आणि तिथल्या हिमघुबडांचं पिल्लं वाढवणं जवळपास थांबलं. घुबडाला थोडे-थोडे लेमिंग दरवर्षी मिळून चालत नाहीत. एका वर्षी खूप लागतात.

अन्नच निर्णायक असतं याचा एक उलटा पुरावा नॉर्वे आणि स्वीडनने दिलाय. लोकरीसाठीच्या शिकारीने तिथले आर्क्टिक कोल्हे संपत आले होते. स्वीडनने १९२८ मध्ये आणि नॉर्वेने १९३० मध्ये त्यांना संरक्षण दिलं, तरी पुढची सत्तर वर्षं संख्या वाढली नाही. मग बंदिस्त जागेत वाढवलेले कोल्हे डोंगरात सोडण्यात आले, दक्षिणेकडून वर सरकणाऱ्या आणि अंगाने मोठ्या लाल कोल्ह्यांना काही भागांत आवरण्यात आलं, आणि आर्क्टिक कोल्ह्यांच्या बिळांजवळ कुत्र्यांच्या कोरड्या खाद्याची पेटारी ठेवण्यात आली. त्यानंतर कोल्हे वाढू लागले. रानातल्या जनावराला असं भरवत ठेवणं मला पटायला जड जातं, पण लेमिंगांचा भरवसा नसताना दुसरा उपाय तरी काय होता?

या साऱ्याचा एक धागा ठाण्याच्या खाडीपर्यंत येतो. कर्ल्यू सँडपायपर नावाचा, खाली वाकलेल्या चोचीचा छोटा पाणपक्षी हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येतो. शिवडी, ऐरोली, उरण, कोकणातल्या खाड्या, सगळीकडे चिखलात टोचत फिरताना दिसतो. तो अंडी घालतो सायबेरियाच्या टुंड्रावर, मुख्यतः तैमिर द्वीपकल्प आणि आसपास. तिथे लेमिंग भरपूर असले की कोल्हे लेमिंगच खातात आणि जमिनीवरच्या घरट्यांकडे फारसे वळत नाहीत. शिवाय हिमघुबडं आपल्या घरट्याजवळून कोल्ह्यांना हुसकावतात, म्हणून ब्रँट हंस मुद्दाम घुबडाच्या शेजारी घरटी करतात. लेमिंग कोसळले की तेच भुकेले कोल्हे अंडी आणि पिल्लं वेचून खातात. युरोपात हिवाळा काढणारे हंस आणि दक्षिण आफ्रिकेत जाणारे कर्ल्यू सँडपायपर यांच्या थव्यांत त्या वर्षीची किती पिल्लं आहेत हे पक्षी-अभ्यासकांनी मोजलं. तैमिरमध्ये लेमिंग भरपूर असलेल्या वर्षी पिल्लांचं प्रमाण जास्त होतं आणि पडत्या वर्षी अगदी कमी. हजारो किलोमीटर दूर बसून लेमिंगांचं वर्ष ओळखता येत होतं.

हे निरीक्षण आपल्याकडेही करता येण्यासारखं आहे. प्रौढ कर्ल्यू सँडपायपर आधी, साधारण ऑगस्टमध्ये येतात. तेव्हा त्यांच्या पोटावर विणीच्या हंगामातला विटकरी रंग अजून ठिगळांसारखा उरलेला असतो. पिल्लं मागाहून येतात. त्यांची पिसं नवीकोरी, पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट कडा असल्याने खवल्यांची नक्षी दिसते, आणि छातीवर फिकट पीच रंगाची झाक असते. सप्टेंबरच्या अखेरीस, भरतीचं पाणी चढून पक्षी काठाशी गोळा होतात त्या वेळी, दुर्बिणीतून एका थव्यात शंभर पक्ष्यांमागे अशी पिल्लं किती हे मोजावं आणि दरवर्षी त्याच जागी पुन्हा मोजावं. ऑक्टोबर उलटला की पिसं बदलायला लागतात आणि फरक ओळखणं अवघड होतं.